पॉलिहाऊसमध्ये झाडाच्या वाढीचा टाइमलॅप्स : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

घेवड्याचा वेल आधार शोधत असतो तेव्हा त्याचा शेंडा हवेत गोल फिरत असतो. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, आणि एका फेरीला साधारण दोन तास. वेलाशेजारी दिवसभर काम केलं तरी ही हालचाल लक्षात येत नाही, इतकी ती सावकाश असते. दर मिनिटाला एक फोटो काढला आणि ते फोटो सेकंदाला २५ या वेगाने दाखवले, की तीच फेरी पाच सेकंदांत पाहता येते. टाइमलॅप्स म्हणजे एवढंच.

झाडं हलतात हे माणसांनी कॅमेऱ्याआधीही शोधून काढलं होतं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी रोपाच्या शेंड्याला बारीक काचतंतू चिकटवून, समोरच्या काचेवर ठरावीक वेळाने ठिपके काढत ही हालचाल नोंदवली; ते काम १८८० साली प्रसिद्ध झालं. त्यानंतर जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म फेफर यांनी १८९८ ते १९०० या काळात झाडांच्या हालचालींचं पहिलं चित्रीकरण केलं. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी क्रेस्कोग्राफ बनवला, तो झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवायचा. या मंडळींनी ज्यासाठी वर्षं घातली, ते आज खिशातल्या मोबाइलवर जमतं. फक्त पद्धत नीट पाळावी लागते.

पद्धतीचा गाभा एकच आहे: फ्रेममध्ये झाडाखेरीज काहीही बदलता कामा नये. कॅमेरा, कुंडी, मागचं कापड, उजेड, फोकस, सगळं पहिल्या फोटोत जसं होतं तसंच शेवटच्या फोटोत हवं. आणि पॉलिहाऊस ही तर सतत काहीतरी बदलत राहणारी जागा. ऊन सरकतं, पाइपांच्या सावल्या फिरतात, बाजूचे पडदे वर-खाली होतात, फॉगर (धुक्यासारखं पाणी फवारणारा नोझल) सुटतो, पहाटे छताच्या प्लॅस्टिक फिल्मवरून थेंब गळतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या या बदलांना आवर घालण्याच्या आहेत.

पहिलं झाड कोणतं घ्यावं

घेवडा घ्या. किराणा दुकानातला राजमाही चालेल. बी मोठं असतं, चार ते सहा दिवसांत उगवतं आणि उगवताना खूप काही दाखवतं. आधी वाकलेली मान मातीतून वर येते, मग ती सरळ होताना दोन्ही डाळिंब्या जमिनीच्या वर ओढून आणते, त्या फाकतात आणि मधून पहिली दोन पानं उलगडतात. हरभरा किंवा वाटाणा घेतला तर डाळिंब्या मातीतच राहतात आणि चित्रणातला निम्मा आनंद जातो. मूगही चांगला, पण रोप लहान असल्यामुळे कॅमेरा फार जवळ न्यावा लागतो आणि फोकस सांभाळणं नवख्याला जड जातं.

बी रात्रभर भिजवा. कोकोपीट भरलेल्या कुंडीत दोनेक सेंटिमीटर खोल लावा. एकाच कुंडीत तीन बिया, एकमेकींपासून चार बोटं अंतर ठेवून, फ्रेममध्ये तिन्ही येतील अशा लावा. एखादं बी रुसलं तरी काम अडत नाही. शिवाय तीन रोपं थोडी मागेपुढे उगवली की चित्रण जास्त जिवंत वाटतं. कॅमेरा बी लावलं त्याच दिवशी सुरू करायचा. अंकुर दिसल्यावर सुरू करू म्हणणाऱ्यांचा माती फुगून तडकतानाचा क्षण हमखास निसटतो, आणि पाहणाऱ्यांना सगळ्यात जास्त आवडतो तोच.

जागा आणि पाया

पॉलिहाऊसमधला कोपरा निवडताना माणसांची ये-जा, पंखा आणि फॉगरची ओळ या तिन्हींपासून लांब जा. कॅमेरा स्ट्रक्चरच्या पाइपला क्लॅम्पने बसवायचा मोह होतो. तो टाळा. वारा आला की अख्खं स्ट्रक्चर किंचित हलतं; आपल्याला जाणवत नाही, चित्रणात मात्र धरणीकंप झाल्यासारखं दिसतं. ट्रायपॉड जमिनीवरच ठेवा. पण नुसत्या मातीवर नको, कारण ठिबक चालू झालं की माती नरम होऊन पाय खचतात. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा किंवा वीट घाला, ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका आणि तिला वाळूची पिशवी लटकवा. कुंडीही तशीच पक्क्या आधारावर हवी. तिच्या तळाचा घेर आणि ट्रायपॉडच्या पायांच्या जागा खडूने आखून ठेवा. चुकून धक्का लागला तर जागेवर परत आणता येतं.

मागे काळं, न चमकणारं कापड लावा. मखमल सर्वांत उत्तम, कारण ती उजेड शोषून घेते. कापड झाडापासून किमान दोन-तीन फूट मागे, ताणून बांधलेलं हवं. सैल असेल तर वाऱ्याने झुळझुळतं.

फ्रेम ठरवताना आज दिसतंय त्याची नाही, शेवटच्या दिवशी दिसेल त्याची मापं धरा. घेवड्याचं रोप दहा दिवसांत वीतभर उंच सहज होतं. म्हणून सुरुवातीला कुंडीचा काठ फ्रेमच्या अगदी तळाशी आणि वरची सगळी जागा रिकामी असं चित्र विचित्र वाटलं तरी तेच बरोबर असतं. नेमका अंदाज हवा असेल तर आठवडाभर आधी लावलेलं एक रोप शेजारी ठेवून फ्रेम बांधा आणि मग ते काढून घ्या.

दोन फोटोंमध्ये किती अंतर

हा हिशोब कागदावर करा. दहा दिवस म्हणजे १४,४०० मिनिटं. दर दहा मिनिटांनी एक फोटो काढला तर १,४४० फोटो होतात, आणि सेकंदाला २५ फोटो या वेगाने ५८ सेकंदांचं चित्रण मिळतं. पहिल्या प्रयत्नाला हे अंतर योग्य आहे. एक फोटो सहा एमबीचा धरला तर सगळे मिळून नऊ जीबीच्या आत बसतात, म्हणजे १६ जीबीचं कार्ड पुरतं.

विषय बदलला की अंतर बदलतं. गोल फिरणाऱ्या वेलाच्या शेंड्याला एक ते दोन मिनिटं. काकडीच्या तणाव्याला, तो काठीला गुंडाळत असताना, तीस सेकंद. गुलाबाची कळी उमलायला काही दिवस घेते, तिथे पाच मिनिटं. शंका असेल तेव्हा कमी अंतर धरा: जास्तीचे फोटो नंतर एकाआड एक गाळता येतात, न काढलेले कुठून आणणार?

कॅमेरा आणि त्याची सेटिंग

जुना मोबाइल पुरेसा आहे. फक्त त्यातला तयार टाइमलॅप्स मोड वापरू नका. ठरावीक वेळाने सुटे फोटो काढणारं आणि फोकस, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) कुलूपबंद करू देणारं ॲप घ्या. सुटे फोटो का, तर मध्ये वीज गेली किंवा फोन बंद पडला तरी आधीचे फोटो शाबूत राहतात. व्हिडिओची फाइल अर्धवट तुटली तर सगळंच जाऊ शकतं. फोन एअरप्लेन मोडवर टाका, स्क्रीनचा उजेड अगदी कमी करा आणि आपोआप होणारी अपडेट्स बंद करा.

डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा असेल तर इंटरव्हलोमीटर, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायला लावणारा टायमर, लागतो. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत तो आतच असतो. सगळं मॅन्युअल करा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला तर पानं कधी पिवळट, कधी निळसर दिसतात. फोकस ऑटोवर राहिला तर कॅमेरा एखाद्या फोटोत झाडाला सोडून मागच्या कापडाला धरतो. लेन्समधलं स्थिरीकरणही बंद करा. ट्रायपॉडवर त्याचा उपयोग नाही, उलट फ्रेम किंचित सरकते. इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर तो वापरा, यांत्रिक शटरचं आयुष्य वाचतं. मात्र कृत्रिम दिव्याखाली त्याने फोटोत आडवे पट्टे येत नाहीत ना, ते आधी तपासा.

ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, याबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. लेन्स प्रत्येक फोटोच्या वेळी ॲपर्चर मिटते आणि पुन्हा उघडते. दर वेळी ती अगदी तितकीच मिटत नाही. केसभर फरक पडतो. एका फोटोत तो कळत नाही, पण चित्रण चालू केलं की उजेड लुकलुकतो. उपाय म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवणं, किंवा हाताने ॲपर्चर फिरवायची जुनी लेन्स वापरणं. जवळून घेतलेल्या चित्रणात पूर्ण उघड्या लेन्सने फोकसचा पट्टा फार अरुंद होतो, म्हणून मला जुनी मॅन्युअल लेन्स जास्त पसंत आहे.

कृत्रिम दिव्याखाली शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा पंचविसाव्या भागाचा ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. पन्नासाव्या भागात असे बरोबर दोन हेलकावे पूर्ण बसतात आणि प्रत्येक फोटोत सारखाच उजेड येतो.

उजेड : खरं काम इथे आहे

पॉलिहाऊसचा एक मोठा फायदा आहे. पसरट प्रकाश देणारी फिल्म असेल तर आतला उजेड मऊ असतो, पानांवर कडक सावल्या पडत नाहीत. पण सकाळ, दुपार आणि ढगांचा खेळ तरीही उरतोच. त्यावर दोन मार्ग आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये.

पहिला मार्ग मोठ्या पिकासाठी. टोमॅटो किंवा ढोबळी मिरचीची ओळ तीन महिने टिपायची असेल तर दिवसभर फोटो काढण्यात अर्थ नाही. सकाळी सात ते आठ, ऊन थेट आत येण्याआधी, दर दहा मिनिटांनी एक असे सात फोटो रोज काढा. नव्वद दिवसांत ६३० फोटो, म्हणजे पंचवीस सेकंद. त्या तासात उजेड एकसारखा असतो, हवा स्थिर असते आणि रात्रभर पाणी ओढलेली पानं टवटवीत उभी असतात. दुपारी तीच पानं उन्हाने मलूल झालेली असतात. सकाळ-दुपारचे फोटो एकत्र केले तर पीक श्वास घेत असल्यासारखं वर-खाली होत राहतं.

दुसरा मार्ग आपल्या घेवड्यासाठी. पॉलिहाऊसमध्येच एक छोटा तंबू उभारा. पीव्हीसी पाइपांचा तीन-चार फुटांचा सांगाडा, त्यावर बाहेरचा उजेड अडवणारं जाड काळं कापड, आत वरच्या बाजूला पांढऱ्या उजेडाचा एलईडी. पॉलिहाऊसची ऊब आणि दमटपणा मिळतो, उजेड मात्र आपल्या हातात राहतो. हवा खेळण्यासाठी खाली आणि वर फट ठेवा, नाहीतर तंबू भट्टीसारखा तापेल.

दिवा वरच हवा. बाजूला ठेवला तर रोप त्याच्याकडे झुकत जाईल, कारण प्रकाशातल्या निळ्या भागाकडे वळणं हा कोवळ्या खोडाचा स्वभावच आहे. ते झुकणं टिपायचं असेल तर गोष्ट वेगळी. तो स्वतंत्र आणि फार सुंदर विषय आहे. उजेड कमी पडला तर रोप लांबुडकं, फिकट आणि लुळं होतं, म्हणून शोभेच्या मिणमिणत्या पट्टीवर भागवू नका. दिव्याला टायमर लावा : सोळा तास चालू, आठ तास बंद.

दिवा चोवीस तास चालू ठेवला तर रात्रीचा प्रश्नच मिटेल असं वाटतं. तसं करू नका. झाडाला रात्र लागते. टोमॅटो अखंड उजेडात ठेवला तर त्याची पानं पिवळी पडतात. शेवंती तर रात्रीची लांबी मोजून फुलते. फुलं लवकर येऊ नयेत म्हणून शेवंतीवाले शेतकरी रात्री मुद्दाम दिवे लावतात ते याचसाठी. ज्याचं चित्रण करायचं त्याचं वागणंच आपण बदललं तर मग आपण टिपलं काय?

पहिल्या चित्रणात रात्रीचे आठ तास सोडून द्या. कॅमेरा चालू राहील, अंधाराचे फोटो काळे येतील, ते नंतर काढून टाका; मग ५८ ऐवजी साधारण ३८ सेकंदांचं चित्रण उरेल. रोज सकाळी चित्रात एक छोटी उडी दिसेल. तिचं कारण असं की घेवड्याची पानं रात्री खाली झुकतात आणि दिवसा पुन्हा आडवी होतात.

ही हालचाल पूर्ण पाहायची असेल तर दुसऱ्या खेपेला फ्लॅश वापरा. कमी ताकदीवर ठेवलेल्या फ्लॅशची झळक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असते. दहा मिनिटांतून एकदा येणाऱ्या तेवढ्या झळकीने झाडाची रात्र सहसा मोडत नाही. दिवसाही तोच फ्लॅश वापरा, म्हणजे रात्रीचे फोटो वेगळे दिसणार नाहीत. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १००, ॲपर्चर एफ ११च्या आसपास आणि शटर सेकंदाच्या १६०व्या भागाच्या जवळ ठेवलं की दिव्याचा वाटा कमी होतो आणि चित्र मुख्यतः फ्लॅशने उजळतं. इथे ॲपर्चर मिटलेली असल्याने लुकलुक येऊ शकते. जुनी मॅन्युअल लेन्स या जागी फार कामाला येते. फ्लॅश थेट झाडावर न मारता पांढऱ्या थर्माकोलवर मारा.

ओल, उष्णता, वीज, फवारणी

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट पॉलिहाऊसमध्ये नेला की लेन्सवर वाफ धरते. पिशवी बंद ठेवूनच तो आत न्या आणि तासभर तसाच राहू द्या. पहाटे फिल्मच्या आतल्या बाजूने थेंब गळतात, त्यासाठी कॅमेऱ्यावर तिरकं छप्पर करा. प्लॅस्टिकची फाइलही पुरते. फॉगरचं पाणी जड असेल तर त्याचे पांढरे डाग लेन्सवर बसतात, म्हणून पुढे साधा यूव्ही फिल्टर लावून ठेवा.

उन्हाळ्यात आतलं तापमान चाळिशीपार जातं आणि मोबाइल तापून बंद पडतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा नवख्यांसाठी चांगला काळ.

विजेचं काम गांभीर्याने घ्या. ओली जमीन, दमट हवा आणि जमिनीवर पसरलेलं एक्स्टेन्शन बोर्ड हे जीवघेणं ठरू शकतं. ज्या सॉकेटवरून वीज घ्याल त्यामागे आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, आणि बोर्ड जमिनीपासून वर, झाकलेला हवा. वीज जाते तिथे इन्व्हर्टरची ओळ मिळाली तर उत्तम. पॉवर बँकेवर आंधळा विश्वास नको : फोन फार कमी वीज ओढतो तेव्हा बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात. एक रात्र चालवून खात्री करा.

फवारणीच्या दिवशी चित्रण थांबवावं लागलं तरी कॅमेरा बाहेर काढा. भुरी या बुरशीच्या रोगासाठी वापरलेलं गंधक इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे धातूचे भाग खातं. तुम्हीही लेबलवर सांगितलेल्या वेळेआधी आत जाऊ नका.

पाणी कसं घालायचं

वरून झारीने पाणी घातलं की माती बसते, कुंडी हलते, पानांवर थेंब येतात आणि चित्रणात हिसका दिसतो. त्यापेक्षा वात वापरा. सुती दोरीचं एक टोक कुंडीच्या तळाच्या भोकातून कोकोपीटमध्ये, दुसरं खाली ठेवलेल्या पाण्याच्या डब्यात. दोरी आधी भिजवून घ्या. डबा रोज थोडा थोडा भरा, कुंडीला हात न लावता. दोरी बसवण्याचं काम अर्थातच बी लावण्याआधी करायचं.

आधी एक दिवसाची तालीम

सगळं मांडून झालं की बी न लावलेल्या कुंडीवर चोवीस तास कॅमेरा चालवा. मग ते फोटो जोडून पाहा. रिकाम्या कुंडीत काहीच हलायला नको. हललं तर पाया कच्चा, उजेड बदलला तर तंबूला फट, चित्र धूसर झालं तर ओल. दहा दिवसांनी कळण्यापेक्षा हे आत्ता कळलेलं बरं. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणून लोक ती गाळतात. माझ्या मते संपूर्ण कामात तिच्याइतकी मोलाची पायरी नाही.

चित्रण सुरू झाल्यावर रोज एकदा, शक्यतो दिवा बंद असताना, फक्त पाणी, वीज आणि कार्डातली जागा पाहा. मुंग्या, गोगलगायी आणि पानं खाणाऱ्या अळ्या यांच्यावरही नजर हवी. स्टँडच्या पायांना व्हॅसलिनचा पट्टा लावला तर मुंग्या चढत नाहीत.

फोटोंचं चित्रण करताना

सगळे फोटो एका फोल्डरमध्ये, क्रमाने. काळे, धूसर किंवा हात आलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, पुसू नका. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती किंवा शॉटकट, या दोन्ही व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोंची मालिका एकत्र आत घेता येते. वेग सेकंदाला २५ ठेवा. उरलीसुरली लुकलुक घालवायला एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये डीफ्लिकर नावाचा फिल्टर आहे, तोही मोफत. कॅमेऱ्याचे फोटो व्हिडिओपेक्षा खूप मोठे असतात, त्यामुळे कापायला भरपूर जागा मिळते. सुरुवातीला मातीच्या जवळून दाखवून रोपाबरोबर हळूहळू वर सरकणं इथेच, संगणकावर करता येतं. त्यासाठी कॅमेरा हलवायची गरज नाही.

चित्रणाखाली पिकाचं नाव, एकूण दिवस, दोन फोटोंमधलं अंतर आणि रात्रीचे फोटो गाळले की नाही हे लिहा. मुलांना दाखवणारे शिक्षक आणि शेतकरी, दोघांनाही ही माहिती उपयोगी पडते.

त्यानंतर

घेवडा जमला की वेली घेवडा काठीवर चढवा, मग काकडी. कृष्णकमळ उमलताना दिवसाउजेडीच टिपता येतं. आणि घरी ब्रह्मकमळ असेल तर पावसाळ्यात कळीवर लक्ष ठेवा. लोंबणारी कळी देठातून वर वळली, फुगली आणि बाहेरच्या पाकळ्या सैल पडल्या, की फूल त्या रात्री उमलण्याची शक्यता मोठी. संध्याकाळी सहाला फ्लॅश नव्या सेल्ससह कमी ताकदीवर लावा, अंतर तीस सेकंद ठेवा. मध्यरात्रीपर्यंत ७२० फोटो होतात, म्हणजे जवळजवळ २९ सेकंदांचं चित्रण. फ्रेममध्ये चारही बाजूंना भरपूर मोकळी जागा सोडा, कारण फूल कळीच्या कितीतरी पट पसरतं आणि त्याच्या भाराने देठही थोडा खाली येतो.